आत्याला गोल्फ दाखवायला नेलं तेव्हा

मुंबईच्या आसपास, कोणालाही फी भरून खेळता येईल असं गोल्फचं मैदान आहे का, असं ओळखीतलं कोणी ना कोणी मला अधूनमधून विचारतं. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, माहिती काढायची म्हणजे माणसं गाठावी लागायची त्या दिवसांत, मी अशी एक सहल आखली होती. बाबांना आणि आत्याला घेऊन मी गेले होते. तिकडचे रस्ते आता खूप बदललेत, तरी ज्यांना जायचंय त्यांना यातलं थोडंफार उपयोगी पडेल. बाकीचं आमच्या घरातलं आहे.

आमचं घर राई गावात, भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर. घर एक, पण दारं दोन. एका दारात मी आणि बाबा. आई मी कॉलेजात असताना गेली. दुसऱ्या दारात आत्या, बाबांची मोठी बहीण हिरा. तरुणपणी विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून खाडीकडची भातजमीन तीच कसत होती. बाबा मिठागरांच्या सरकारी खात्यातून कारकून म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. जमीन दोघांच्या नावावर, एकत्र. मधे कधीतरी एका बिल्डरला तुकडा द्यायचं बाबांनी ठरवलं आणि आत्याने सही दिली नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. ओटा मात्र एकच असल्यामुळे रोज संध्याकाळी दोघं त्याच ओट्यावर बसायचे, आणि निरोप माझ्यामार्फत जायचे.

"सुनंदे, तुज्या बापाला सांग, त्याची गंजी माज्या दोरीवर हाय."

बाबा हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी सांगायचे. ते उठून गंजी काढायचे.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर एका कंपनीचे साहेब गावात यायला लागले. त्यांना खाडीकडच्या जमिनी सलग हव्या होत्या. इमारती बांधायच्या नाहीत, गोल्फचं मैदान करायचं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे एक गुळगुळीत पुस्तिका होती. आत हिरवंगार गवत, निळं तळं आणि पांढरी टोपी घातलेला एक परदेशी माणूस. बाबांना ती कल्पना एकदम आवडली. विकायचंच तर याला विकावं, निदान जमीन जमिनीसारखी राहील, असं ते मला सांगत होते. म्हणजे खरं तर आत्याला सांगत होते.

आत्याने पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. मग मला म्हणाली, "सुनंदे, हा मानूस काय करतो हितं?"

"चेंडू मारतो. काठीने. लांबच्या खड्ड्यात."

"आनि मंग?"

"मग पुढच्या खड्ड्यात."

तिने पुस्तिका माझ्या मांडीवर ठेवली. "मी बगल्याबिगर सही न्हाय करायची. सांग तुज्या बापाला. मना दाखव म्हनाव, कुठं खेलतान ते."

बाबांनी ते ऐकलं, तरी मी बोलायची वाट पाहिली. मग म्हणाले, "दाखवू म्हणावं."

दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. आधी मला वाटलं, सोपं आहे, मुंबईत आहेतच की मैदानं. फोनवर कळलं की ते क्लब आहेत. मेंबर हवा, नाहीतर मेंबरचा पाहुणा हवा. बघायला यायचंय म्हटल्यावर एका ठिकाणी फोन घेणाऱ्या बाईंनी मला विचारलं की मी कोणत्या पेपरमधून बोलतेय. पर्यटन खात्याच्या ऑफिसात गेले तर तिथल्या माणसाने माथेरान आणि महाबळेश्वरची माहितीपत्रकं पुढे केली आणि म्हणाला, "तिथे मिनी गोल्फ असेल बघा, बच्चेकंपनीसाठी."

शेवटी आमचे शेठ जयंतीभाई कामाला आले. त्यांचे कोणी व्याही गोल्फ खेळायचे, त्यांच्याबरोबर ते कधीतरी जायचे. मी विचारलं तेव्हा ते चहाचा कप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"सुनंदाबेन, तुमको खेलना है?"

"नही शेठ, आत्या को दिखाना है."

हे त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी प्रश्न वाढवला नाही. म्हणाले, "क्लब में तकलीफ होगी. नाशिक साइड में एक पब्लिक ग्राउंड है, पुराना. पैसा भरो, खेलो, कोई पूछता नहीं. शिर्डी जाते वक्त मैं रुका था." आणि त्यांनी व्याह्यांना विचारून तिथला फोन नंबर आणून दिला.

मैदानाचं नाव लिहीत नाही, कारण मधल्या काळात तिथली व्यवस्था बदलली असं ऐकते. घोटी सोडल्यावर नाशिकच्या अलीकडे, हायवेवरून आत वळायचं, एवढं पुरे.

स्टेशनबाहेरच्या एसटीडी बूथवरून मी फोन लावला. उचलणाऱ्या गृहस्थांनी आपलं नाव सावंत सांगितलं. आवाजावरून मिलिटरीतले वाटले, आणि होतेही.

"आम्हाला मैदान बघायला यायचंय," मी म्हटलं.

"कधी खेळायचंय?"

"खेळायचं नाही. बघायचं."

"मॅच नाहीये हो सध्या."

"मैदानच बघायचंय."

बूथमधला मीटर पळत होता. "या की," सावंत म्हणाले. "सकाळी या. दुपारी वारा सुटतो."

मी एका दमात सगळं विचारून घेतलं. खायचं मिळतं का, तर नाही, चहा मिळतो. बाबांना काही हात मारून बघता येईल का, तर हो, काठ्या भाड्याने मिळतात, कॉलरचा शर्ट हवा आणि पायात बूट. मग मुख्य प्रश्न. "आत्या लुगडं नेसते. काष्ट्याचं. चालेल ना?"

"खेळणार आहेत?"

"नाही, नाही."

"मग काय प्रश्न आहे? टाचेची चप्पल नको फक्त. जमीन उकरते."

आत्याने आयुष्यात टाचेची चप्पल घातली नव्हती. तो प्रश्न मिटला.

गाडीसाठी काशीगावच्या इस्माईलभाईंची जीप ठरवली. ते हायवेवरून शिर्डी आणि त्र्यंबकची भाडी नेहमी मारायचे. कुठे जायचं ते सांगितल्यावर ते म्हणाले, "वहाँ मंदिर कौनसा है?" मी नाही म्हटल्यावर, "फिर त्र्यंबक भी कर लो, पास ही है." बाबांनी त्यालाही मान डोलावली होती, पण ते पुढे राहूनच गेलं.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही उजाडायच्या आधी निघालो. कोणाला जायचं असेल तर मीही हाच महिना सुचवेन. बाबांनी निवृत्तीच्या दिवशीचे काळे बूट पॉलिश करून घातले होते आणि वर कॉलरचा पांढरा शर्ट. आत्या हिरवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन मागे बसली. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदे आणि पाण्याचा कॅन. बाबा पुढे इस्माईलभाईंशेजारी. मी आत्याशेजारी, म्हणजे नेहमीप्रमाणे मधे.

तेव्हाचा घोडबंदर रस्ता अरुंद होता. काशीमिऱ्याच्या नाक्यावरून आत शिरलं की एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला मधूनच दिसणारी खाडी, आणि समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना आपली दोन चाकं मातीत. गायमुखच्या चढावर एक ट्रक बंद पडला होता आणि तिथे आमचा बराच वेळ गेला. इस्माईलभाई खाली उतरून बघून आले. "पाटा टूटा है," म्हणाले, म्हणजे ट्रकची स्प्रिंग, आणि बिडी पेटवली.

"सुनंदे," आत्या म्हणाली, "इचार, हितं गोल्फ न्हाय का झाला?"

बाबा पुढे बघत म्हणाले, "इथे डोंगर आहे म्हणावं."

ठाण्यावरून भिवंडीला वळसा घालून पुढे गेलं की रस्ता बरा होता. पडघ्याच्या पुढे हवा बदलते. शहापूरच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहा आणि गरम भजी घेतली. शेजारच्या बाकावर दोन माणसं साखरपुड्याला निघाली होती. त्यांतल्या एकाने बाबांच्या बुटांकडे बघून विचारलं, "लग्नाला का?"

"नाही, गोल्फला," बाबा म्हणाले. त्यांना असं उत्तर द्यायला मिळाल्याचा आनंद झालेला मला मागून त्यांच्या कानांवरूनही कळला. तो माणूस "बरं बरं" म्हणाला. गोल्फ नावाचं गाव असावं असा त्याचा समज झाला असणार.

कसारा घाटात धुकं होतं. आत्या खाडीकाठची, उंचावर जायची तिला सवय नाही. तिने डोळे मिटून माझा हात धरून ठेवला आणि इगतपुरी आली तेव्हा सोडला. घोटीनंतर हायवे सोडून आत वळलो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, मधे कोरडा ओढा, मग एक लोखंडी फाटक. फाटक उघडंच होतं. आत एक पत्र्याच्या छपराची बसकी इमारत, समोर दोन स्कूटर आणि एक फियाट.

बाबा उतरले आणि समोर बघत उभे राहिले.

हिरवं असं तिथे जवळजवळ काही नव्हतं. पिवळट, आखूड गवत. चढउतार, मधेमधे करवंदीच्या जाळ्या, थोडी आंब्याची आणि बाभळीची झाडं, लांब एका उंचवट्यावर फडकणारं लाल फडकं. तळं नाही. पुस्तिकेतलं काहीच नाही.

"हे तर आपलं वरकस आहे," बाबा म्हणाले. कोणाला उद्देशून नाही, स्वतःशीच. वरकस म्हणजे भात होत नाही ती वरची, गवताची जमीन.

आत्या माझ्या मागून उतरली. तिनेही पाहिलं. कपाळावर हात धरून तिने ते सगळं टोकापासून टोकापर्यंत पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी तिला ते आवडलं.

सावंत बाहेर आले. बुटके, ताठ, डोक्यावर मऊ टोपी. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि मैदान समजावून सांगितलं. पाऊस संपला की गवत वाळतं, पाणी घालायला इथे पैसा नाही, तरी खेळाला काही अडत नाही. जिथे खड्डा असतो तिथली जागा मात्र गुळगुळीत लागते. मोठ्या मैदानांवर तिथे बारीक हिरवळ असते. इथे गोल वाळू पसरलेली होती, गाडीचं जुनं तेल मारून काळपट केलेली, आणि खेळणारा माणूस खड्ड्याशी चेंडू ढकलण्याआधी गोणपाट ओढून ती सारखी करायचा.

"सारवल्यासारखं," आत्या मला म्हणाली.

"अगदी," सावंत म्हणाले.

खेळायची फी आम्ही चौघांनी वाटेत खाल्लेल्या भज्यांपेक्षा थोडी जास्त, काठ्यांचं भाडं वेगळं. बघणाऱ्यांना काही नाही. बाबांनी फी भरली. पुस्तिकेशी काही जुळत नसल्यामुळे ते जरा खट्टू होते, पण बूट घालून इतक्या लांब आल्यावर नुसतं परतणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पहिल्या खेपेला काठी चेंडूवरून गेली. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला मातीचं ढेकूळ उडालं आणि चेंडू जिथल्या तिथे. सावंत शांतपणे म्हणाले, "डोकं वर येतंय. चेंडू गेला की मग बघा कुठे गेला ते. आधीच बघू नका." बाबांनी मान डोलावली आणि पुन्हा डोकं वर केलं. चेंडू हातभर सरकला. मी दुसरीकडे बघायला लागले. बाबा साठीला आलेले, चारचौघांत हसं झालेलं त्यांना आवडत नसे, आणि आत्या सगळं बघत होती.

इतक्यात मागून एक बाई चालत आल्या. पांढरे केस, पाचवारी साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर चार काठ्यांची पातळ पिशवी. त्या नाशिकच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या लीलाताई होत्या, हे सावंतांनी सांगितलं. दर रविवारी एसटीने येऊन एकट्या खेळायच्या. त्यांना पुढे जायचं होतं, पण बाबा वाटेत होते.

"सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला पहिले दोन महिने नुसती मातीच उडत होती."

बाबांनी पुन्हा काठी उचलली. या वेळी टक असा आवाज आला. कोरडा, स्वच्छ. चेंडू उठला आणि करवंदीच्या जाळीवरून पलीकडे गेला. बाबा अजून खालीच बघत होते.

आत्या हसली. मोठ्याने, तोंडावर पदर न धरता. आणि म्हणाली, "पांडू, त्या आंब्याच्या बुंद्याशी गेला रे. परत मार."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी आत्याकडे पाहिलं नाही. ते खाली वाकले, दुसरा चेंडू ठेवला आणि म्हणाले, "बाय, तू जरा बाजूला उभी रा. लागंल."

बस, एवढंच. कितीतरी वर्षांनंतर एकमेकांशी बोललेली ही दोन वाक्यं. मी मधे उभी होते ती दोन पावलं मागे झाले. इस्माईलभाई जीपला टेकून बघत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "ये खेल में जीतता कौन है?" मी म्हटलं, माहीत नाही.

पुढचे दोनअडीच तास बाबा लीलाताईंच्या मागून मैदानभर हिंडले. लीलाताई मारायच्या, मग बाबा मारायचे, मग सगळेजण बाबांचा चेंडू शोधायचो. बाबांची लांबची नजर अधू होती, माझी बेताची. आत्याची पक्की. ती अनवाणी पुढे जायची आणि चेंडूजवळ जाऊन उभी राहायची. जमिनीवरून चालताना ती पायाने माती चाचपत होती, मधेच वाकून गवताची काडी तोडून दाताखाली धरत होती. एका उतारावर तीन म्हशी चरत होत्या. लीलाताईंनी त्यांना वळसा घालून चेंडू मारला.

जेवायला आम्ही आंब्याखाली बसलो. लीलाताईंना बोलावलं. त्यांनी सुकट खाणार नाही असं सरळ सांगितलं आणि भाकरीबरोबर कांदा घेतला. बाबांच्या तळहातांना फोड आले होते. ते भाकरी बोटांच्या टोकांनी तोडत होते.

आत्याने लीलाताईंना विचारलं, "बाई, हितं कोनीबी येतं?"

"कोणीही. फी भरली की खेळा. नुसतं फिरायला आलं तर तीही नाही."

"आनि ही गुरं?"

"ती गावातली. सावंत हाकलतात, ती परत येतात. पूर्वी गायरानच होतं ना हे. वाट गावाला जाते, ती अजून यातूनच जाते. बघा, तो माणूस चाललाय."

खरंच एक माणूस डोक्यावर गवताचा भारा घेऊन मैदान तिरपं कापत चालला होता. पलीकडे कोणीतरी चेंडू मारायचा थांबला होता, तो जाईपर्यंत.

आत्याने हात धुतले. पदराने पुसले. आणि बाबांना, थेट बाबांना, म्हणाली, "पांडू, आसं आसंल तर मी सही करतंय."

मला वाटलं होतं बाबांना आनंद होईल. तो दिसला नाही. त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा तसाच ताटलीत ठेवला आणि सावंतांना भाड्याच्या काठ्या परत करायला निघून गेले.

परतीच्या वाटेवर इस्माईलभाईंनी त्र्यंबकचा विषय काढला, तर बाबांनी हातानेच सरळ घराकडे खूण केली. आत्या खुशीत होती. बोलायला शिकल्यासारखी बोलत होती. कुठली वाट कुठून ठेवायची, खाडीकडचा बांध तसाच ठेवायचा, कोळणींना उत्तनकडे जायला मधून सोडायचं. बाबा पुढच्या सीटवर, मान न वळवता.

कसारा घाट उतरून खाली आल्यावर चहाला थांबलो. इस्माईलभाई चाकांची हवा बघत होते. बाबांनी कप हातात घेतला आणि आत्यासमोर उभे राहिले.

"बाय, आपल्याकडं आसं न्हाय व्हायाचं."

बाबा ऑफिसची भाषा बोलायचे. घरातही. त्या दिवशी मी त्यांना राईची भाषा बोलताना ऐकलं, लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"का?"

"त्या सायबानं मना आदीच सांगितलंय. भिंत बांधतान. सगल्या बाजूनी. मेंबर दिल्लीचं, मुंबईचं. तिकीट न्हाय, फी न्हाय. मेंबर न्हाय तो आत न्हाय."

"आनि तू?"

"मी कुटला मेंबर?"

आत्याने चहा संपवला. कप टपरीच्या फळीवर नेऊन ठेवला. परत आली. "ह्ये तू मना घरीच सांगायचं व्हतं."

"घरी आपन बोलत व्हतो का?"

ती जीपमध्ये जाऊन बसली. भिवंडीच्या पुढे तिला झोप लागली. घोडबंदरला ट्रक बाजूला काढलेला होता आणि रस्ता मोकळा. घरी पोचलो तेव्हा गावात टीव्हीच्या बातम्या चालू होत्या.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे साहेब ओट्यावर आले. आत्याने त्यांना एकच विचारलं, कोणीही यायचं ठेवाल काय? साहेब फार सभ्य होते. म्हणाले, "आजी, गावासाठी वर्षातून एक दिवस ठेवू, नक्की विचार करू." आत्याने बाबांकडे पाहिलं. नाही म्हणायचं काम तिने आजवर एकटीने केलं होतं आणि सगळ्या गावाने तिला आडमुठी ठरवलं होतं. या वेळी बाबाच बोलले. "नको साहेब. आमचं जमणार नाही." साहेबांनी पुस्तिका ठेवून दिली आणि चहा न घेता गेले. आमच्याशिवायही पुष्कळांच्या जमिनी हव्या होत्या, त्यांच्यातही एकमत झालं नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनीचे नियमही कडक होत होते. दोनएक वर्षांत त्या मैदानाबद्दल कोणी बोलेनासं झालं.

जमीन वाचली आणि सगळं तसंच राहिलं, असं मात्र झालं नाही. त्याच दशकाच्या शेवटी माझं लग्न ठरलं, घराची भिंत खचली होती, आणि रस्त्याकडच्या बाजूला चांगला भाव आला. बाबांनी आपला हिस्सा विकायचं ठरवलं. बिल्डरलाच. तिथे आज सात मजली इमारत आहे, तळमजल्यावर मेडिकल आणि केक शॉप. आत्याला ते पसंत नव्हतं, आणि तिने ते बाबांना तोंडावर सांगितलं. तासभर सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग दोघांनी बसून वाटणी केली, खाडीकडचं आत्याला, रस्त्याकडचं बाबांना. ती शेवटपर्यंत भात लावत राहिली. आता तिथे खारफुटीची तिवरं वाढलीत.

बाबा त्या मैदानावर नंतर तीनचार वेळा गेले. ठाण्याहून नाशिकची एसटी पकडून. एकदोनदा आत्याही गेली. चांगले खेळायला लागले असं म्हणवत नाही.

तिथे जाणाऱ्यांसाठी मला सुचतं ते एवढंच. पाणी आणि टोपी आपली न्या. सकाळी लवकर पोचा, सावंतांनी सांगितलेला वारा खरंच सुटतो. आणि गोल्फ म्हणजे हिरवा गालिचा असं मनात धरून जाऊ नका. निदान आम्ही पाहिलं ते मैदान तसं नव्हतं, आणि तसं असतं तर आत्याने त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं.

त्या सहलीने आम्हाला काय दिलं, याचा मी पुष्कळदा विचार केलाय. जमिनीचा हिशोब धरला तर फारसं काही नाही. अर्धी गेली, अर्धी पडीक आहे. पण बाबांच्या हिश्शाचं खरेदीखत व्हायचं होतं त्या सकाळी मी त्यांच्यासाठी डबा करत होते आणि ओट्यावरून आत्याचा आवाज आला. साक्षीदार म्हणून बिल्डरने आपली माणसं आणली होती, पण एक साक्षीदार आपला असावा असं तिचं म्हणणं होतं. जो व्यवहार तिला मान्य नव्हता, त्यासाठी ती नवं लुगडं नेसून तयार झाली होती. मी बाहेर आले तर दोघं रस्त्याने निघालेही होते. बाबा पुढे, आत्या थोडी मागे, आणि ती त्यांना सांगत होती की सही करायच्या आधी चष्मा लाव, नीट वाच, घाई करू नको, मी हाय.